छपराचा हिशेब
(देवळाच्या जीर्णोद्धाराच्या कामी भरलेल्या ग्रामस्थांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. सारा जन्म बांधकामावर मोजमापे घेण्यात गेला. तेव्हा भाषण करण्यापेक्षा फूटपट्टी हातात दिली असती तर बरे झाले असते. पण समितीने सांगितले की, छपराच्या कौलांबद्दल गावात जी कुजबुज चालली आहे तिचा उलगडा चारचौघांत व्हावा आणि तो मी करावा. ही आज्ञा मोडणे मला शक्य नाही.

कुजबुज काय आहे ती आपण सर्व जाणता. पहिल्या सभेत असे सांगितले गेले की, सभामंडपाला १४०० कौले लागतील. तो आकडा फळ्यावर लिहिला गेला. कोणी पाच कौलांचे पैसे दिले, कोणी पन्नासांचे. आता समिती म्हणते की २४०० कौले लागतील. मग माणूस विचारणारच की, ही वरची हजार कौले आली कोठून? विचारणाऱ्याचा मला राग नाही. देवाच्या कामाचा पैसा आहे, तो विचारूनच द्यावा. परंतु उत्तर ऐकल्यावाचून मनात अढी धरू नये, एवढीच माझी विनंती आहे.

तो १४०० चा आकडा ज्या तरुणाने सांगितला तो येथे मागे बसला आहे. त्याने मान खाली घालण्याचे काहीएक कारण नाही. त्याचा गुणाकार बरोबर होता. मंडपाची लांबी ४० फूट, रुंदी २४ फूट. चाळीस चोवीस ९६० चौरस फूट. शंभर चौरस फुटांचा एक ब्रास धरला तर ९ ब्रास आणि ६० फूट. एका ब्रासला १४४ कौले या हिशेबाने १३८२ आली, ती त्याने पुरी १४०० केली. चूक गुणाकारात नाही. चूक अशी की, त्याने जमीन मोजली. कौले जमिनीवर बसत नाहीत, पाख्यावर बसतात.

हीच चूक मी त्याच्या वयाचा असताना स्वतःच्या घरावर केली आहे. साल १९८४. गावठाणातले आमचे घर वीस फूट रुंद, तीस फूट लांब. जुनी नळीची कौले काढून मंगलोरी कौले घालायची ठरली. मी नुकताच कामाला लागलेलो, अंगात शहाणपणाचे वारे. सहाशे चौरस फूट, सहा ब्रास, ८६४ कौले. वर थोडी जादा म्हणून ९०० आणली. एक पाखे झाकले, दुसऱ्यावर गवंडी चढला आणि ढीग संपला. पाचशेहून अधिक कौले कमी पडली. तारीख होती जूनची. धावत जाऊन जी मिळाली ती आणली, ती दुसऱ्या कारखान्याची. दिसायला सारखीच, पण खाच दोन सुतांनी वेगळी. जुने कौल नव्याच्या खाचेत नीट बसेना. जेथे दोन जातींची कौले एकमेकांना भेटली, बरोबर त्याच रेषेत चार पावसाळे पाणी गळले, आणि त्या रेषेखाली आईचा देव्हारा होता. आईने देव उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेले. ती मला एवढेच म्हणाली, "पोरा, जमीन मोजायला तलाठी आहे. तू छप्पर मोजायचं होतंस." त्या वाक्यापुढे माझे सगळे शिक्षण फिके पडले.

म्हणून आज आपण छप्परच मोजू. आपल्याला येणाऱ्या हिशेबापलीकडे यात काही नाही.

पहिली गोष्ट वळचणीची. भिंत जेथे संपते तेथे छप्पर संपत नाही. पावसाचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर बाहेर काढावे लागते. आपण दोन्ही अंगांना दोन-दोन फूट आणि दर्शनी बाजूस तीन फूट वळचण ठेवणार आहोत. मागे गाभाऱ्यावर शिखर आहे, तेथे छप्पर भिंतीला टेकते, वळचण नाही. म्हणजे २४ ची रुंदी २८ झाली आणि ४० ची लांबी ४३. क्षेत्र ९६० चे १२०४ चौरस फूट झाले. या एका गोष्टीपायी सुमारे ३५० कौले वाढली.

दुसरी गोष्ट उताराची. ही हिशेबाची वही मी मध्ये उघडतो आणि टेबलावर पालथी उभी करतो. हे आपले आढे आणि ही दोन पाखी. आता पाहा, वहीने टेबलावरची जागा कमी व्यापली, परंतु पुठ्ठ्याचा कागद काही कमी झाला नाही. जेवढी वही उभी कराल तेवढी खालची जागा आखडेल, पुठ्ठे मात्र तेवढेच राहतील. खालची जागा म्हणजे आपली जमीन, पुठ्ठे म्हणजे पाखी. कौले पुठ्ठ्यांना लागतात.

आपल्या छपराची रुंदी २८ फूट, तिची निम्मी १४ फूट. वळचणीच्या टोकापासून आढ्याची उंची साडेदहा फूट ठेवली आहे. म्हणजे चाराला तीन असा चढ. ज्यांनी शाळेत काटकोन त्रिकोण शिकला त्यांना ३, ४ आणि ५ हे आकडे आठवतील. आडवे चार, उभे तीन, तर तिरपे पाच. हे आपल्याकडे फार जुने ज्ञान आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीची आखणी करण्यासाठी हाच नियम सांगितला आहे, आणि शुल्ब म्हणजे तरी काय, मोजायची दोरी. त्या दोरीनेच आपले पाखे मोजले तर १४ फुटांचे साडेसतरा फूट होतात. जमिनीच्या मापात चवथ्या हिश्श्याची भर. दोन पाखी धरून साडेसतरा गुणिले ४३ गुणिले २, म्हणजे १५०५ चौरस फूट; १५ ब्रास आणि वर पाच फूट. या दुसऱ्या गोष्टीने सुमारे ४३५ कौले वाढली. येथवर हिशेब २१६७ कौलांचा झाला.

आता कोणी म्हणेल, चढ कमी ठेवा, कौले वाचतील. कौले वाचतील, देऊळ वाचणार नाही. मंगलोरी कौलाचे सारे सामर्थ्य उतारावर आहे. उतार मंद झाला की वाऱ्याने पाणी खाचेतून उलटे वर चढते. आपल्याकडचा पाऊस कसा असतो हे मी मरोळच्या माणसांना सांगावे असे नाही. २६ जुलै २००५ आठवा. शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि आपली मिठी नदी घराघरांत शिरली.

येथे एक गंमत सांगतो. कौलांसाठी पाखे मोजायचे, पण पाण्यासाठी मात्र जमीनच मोजायची. पाऊस वरून जेवढ्या जागेवर पडतो तेवढेच पाणी. छप्पर उभे केले म्हणून पाऊस वाढत नाही. आपले छपराखालचे क्षेत्र १२०४ चौरस फूट, म्हणजे सुमारे ११२ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. त्या एका दिवसाच्या पावसाने आपल्या छपरावर एक लाख पाच हजार लिटर पाणी पडले असते. दहा हजार लिटरचे साडेदहा टँकर! निम्मे या पन्हळीत, निम्मे त्या पन्हळीत. तेव्हा पन्हळ रुंद घ्या असे समिती म्हणते ते शोभेसाठी नव्हे. माझ्या तरुण मित्राचा जमिनीचा हिशेब अशा रीतीने फुकट गेला नाही, तो पन्हळीच्या कामी आला.

तिसरी गोष्ट कौलाची. एका ब्रासला १४४ कौले हा आकडा कोठून आला? पुस्तकातून नव्हे. आणलेली नमुन्याची कौले आम्ही येथेच पटांगणात एकमेकांत अडकवून मांडली. एकदा घट्ट ओढून माप घेतले, एकदा सैल सोडून घेतले आणि मधले धरले. कौल हातात मोठे दिसते, परंतु शेजारच्या कौलाखाली आणि वरच्या कौलाखाली जो भाग दडतो तो झाकणीला उपयोगी नाही. उघडे राहते ते साडेबारा इंच लांब आणि आठ इंच रुंद, म्हणजे बरोबर १०० चौरस इंच. एका ब्रासमध्ये १४,४०० चौरस इंच असतात. म्हणून १४४. दुसऱ्या कारखान्याचे कौल घेतले तर हा आकडा बदलेल. कोठे तो १५० होईल, कोठे १३५. म्हणून आधी नमुना, मग माप, मग मागणी. हा क्रम कोणीही उलटा करू नये.

चवथी गोष्ट ओळींची. क्षेत्रफळाने २१६७ आली, तरी तेवढ्यावर थांबता येत नाही. साडेसतरा फूट म्हणजे २१० इंच. साडेबारांनी भागले तर सोळा ओळी भरून वर थोडे उरते. उरलेल्या जागेला कौलाचा तुकडा बसवता येत नाही, तेथे सतरावी ओळ पुरी घालावी लागते. तसेच आडवे ४३ फूट म्हणजे ५१६ इंच, आठांनी भागले तर साडेचौसष्ट, म्हणजे पासष्ट. सतरा गुणिले पासष्ट ११०५, दोन पाख्यांची २२१०. पुन्हा ४३ वाढली. आम्ही सुताराला सांगितले आहे की, कौल कापत बसू नकोस, दर्शनी वळचण चार इंच पुढे घे आणि पाख्याचे वासे अडीच इंच वाढव, म्हणजे ओळी नेमक्या बसतील. छपराने कौलाशी जुळवून घ्यावे, कौल तोडून छपराशी जुळवू नये. तोडलेले कौल हेच पहिले गळते.

पाचवी गोष्ट फुटीची. सपाट मैदानावरचे काम असते तर शंभरात दोन-तीन धरली असती. आपली ट्रक हमरस्त्यावर उभी राहणार, कारण गावठाणाच्या गल्लीत ती शिरत नाही. तेथून कौले हातगाडीवर, हातगाडीवरून पटांगणात, पटांगणातून माचीवर. चार वेळा हात लागणार. म्हणून शंभराला पाच धरली आहेत. ती १११ होतात. एकूण २३२१.

आणि सहावी, शेवटली गोष्ट. उरलेली ७९ कौले पुढच्या पिढीसाठी. वादळात नारळाची झावळी पडेल, माकड धावेल, पतंग काढायला पोर चढेल, तेव्हा त्याच साच्याचे कौल घरात असले पाहिजे. १८६५ साली बाझेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरला नेत्रावती नदीकाठच्या मातीतून या कौलांचा कारखाना काढला. अशा एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची युक्ती त्याआधी १८४१ मध्ये फ्रान्समधील गिलार्डोनी बंधूंनी शोधली होती. तेथून हे कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले; कोकणातली घरे, गोव्यातली देवळे, आपली गावठाणे त्यांनी लाल केली. परंतु मंगळूरचे अनेक जुने कारखाने आता बंद पडले आहेत. कारखाना बंद झाला की साचा जातो, आणि साचा गेला की माझ्या घराची गत होते. म्हणून ही ७९ कौले देवळाच्या माळ्यावर उभी रचून ठेवायची, आणि देवळाच्या कामाखेरीज कोणाला द्यायची नाहीत. अध्यक्षांनी मागितली तरी नाही!

तर १३८२ चे २४०० असे झाले. वळचण ३५०, उतार ४३५, ओळी ४३, फूट १११, शिल्लक ७९. बेरीज १०१८. घरी जाऊन कोणीही ताडून पाहावी.

याखेरीज आढ्यावर पालथे घालायचे कोने. एकावर एक चढल्यावर त्याचे साधारण फूटभर उघडे राहते, म्हणून ४३ फुटांना ४३ आणि फुटीचे तीन, असे ४६. रिपांचे माप असे: प्रत्येक पाख्यावर सतरा ओळींना सतरा आणि वळचणीच्या कौलाला उचल देण्यासाठी एक जादा, अशा अठरा. अठरा गुणिले ४३ गुणिले २, म्हणजे १५४८ फूट. सांध्यासाठी थोडे वाढवून सुमारे १६२५ फूट. उजेडासाठी काचेची कौले कोणी देणार असेल तर ती याच साच्यात बसतात की नाही हे आधी पाहावे आणि तेवढी मातीची कौले हिशेबातून वजा करावी.

काही मंडळींचे म्हणणे, एवढा खटाटोप कशाला, आज आहेत तसेच पत्रे पुन्हा टाका. पत्रा स्वस्त पडतो आणि काम दोन दिवसांत उरकते, हे मी नाकारत नाही. पण वैशाखात दुपारी पत्र्याखाली भजनाला बसलेल्यांना विचारा. आणि पत्रा एके ठिकाणी तडकला तर अखंड पत्रा बदलावा लागतो. कौल फुटले तर एक कौल. मात्र कौलाचे वजन विसरू नका. एक कौल सुमारे अडीच किलो धरले तर २२१० कौलांचे साडेपाच टन होतात. पावसात कौल पाणी पिते, त्याने वजन आणखी पाचव्या हिश्श्यापर्यंत वाढू शकते. म्हणून वासे आणि आढे पुरते भक्कम झाल्यावाचून एकही कौल वर चढवायचे नाही. आणि घेताना परीक्षा करायची: बोटाच्या पेराने ठोकले की खणखणीत वाजले पाहिजे; कोरडे तोलून एक दिवस पाण्यात बुडवून पुन्हा तोलले पाहिजे. फार पाणी पिणारे कौल परत.

बंधुभगिनींनो, आपल्याच शिवेवर, सीप्झच्या आवारात, १५७९ साली बांधलेल्या चर्चचे अवशेष उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे वस्ती तेथून हलली आणि चर्च सोडून दिले गेले. भिंती जाडजूड, आजही दिसतात. छप्पर मात्र नाही. देवाचे घर कोणत्याही धर्माचे असो, त्याचा क्रम एकच. माणसे वर पाहायची थांबतात, मग छप्पर जाते, मग भिंतींत झाडे रुजतात. आज आपल्या गावावरून विमाने जातात, २०१४ पासून डोक्यावरून मेट्रो धावते आणि २०२४ पासून पायाखालूनही धावते. या सगळ्या धावपळीत आपल्या छपराकडे वर पाहणारे आपणच आहोत.

समितीला माझी शेवटली सूचना. देवळाच्या दारात एक फळा लावावा. त्यावर रोज संध्याकाळी तीन आकडे लिहावे: किती उतरली, किती चढली, किती फुटली. शेवटल्या दिवशी उरलेली मोजून चौथा आकडा लिहावा. या चारांचा मेळ बसला की कुजबुज आपोआप बंद होईल. आणि फळा लिहिण्याचे काम त्या मागे बसलेल्या तरुणाकडे द्यावे. मी घर बांधताना चुकलो तेव्हा आईने मला पुन्हा शिडीवर चढवले होते, खाली बसवले नव्हते. त्यानेही चढावे.

ज्यांनी पाच कौले दिली त्यांची पाच, ज्यांनी पन्नास दिली त्यांची पन्नास, छपरावर गेल्यावर सारखीच दिसतील. कोणाचे कोणते हे पावसाला कळत नाही. एक जरी कमी पडले तरी गळती मात्र सगळ्यांच्या डोक्यावर येते. तेव्हा अजून जी हजार कौले उभी करायची आहेत ती जूनच्या आत उभी करू या, एवढी हात जोडून प्रार्थना करतो.